चार्जिंग केबल घेण्याआधी भिंतीतली वायर पाहा

इलेक्ट्रिक गाडी घरी येणार हे ठरले की बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो केबल कोणती घ्यावी हा. मला मात्र तो सर्वांत शेवटी विचारण्याजोगा वाटतो. केबल हा मीटरपासून बॅटरीपर्यंतच्या साखळीतला एकच दुवा आहे आणि या साखळीत जिथे सर्वांत दुबळा जोड असेल, तिथेच उष्णता साठते. केबल कितीही चांगली घेतली, तरी भिंतीतला ढिला जोड ती सुधारू शकत नाही.

हे मी घरच्या अनुभवातून शिकलो. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घराच्या पोर्चमध्ये पाण्याच्या मोटरसाठी बसवलेले १६ अँपिअरचे सॉकेट होते. गाडीबरोबर आलेली केबल मी निर्धास्तपणे त्यात लावली आणि तिसऱ्या रात्री जळक्या प्लास्टिकचा वास आला. केबलला हात लावून पाहिला तर ती जेमतेम कोमट होती, गाडीकडचा कनेक्टर थंड होता, पण सॉकेटची एक बाजू तपकिरी पडली होती आणि टॉपची, म्हणजे प्लगची, पिन बोट टेकवता येणार नाही इतकी तापली होती. वायरमनने बोर्ड उघडला तेव्हा आत दोन वायरी नुसत्या पीळ देऊन, वर टेप गुंडाळून जोडलेल्या दिसल्या. पाण्याची मोटर दिवसातून पंधरा मिनिटे चालत असे, म्हणून त्या जोडाचा दोष इतकी वर्षे कोणाच्या लक्षात आला नव्हता.

गाडीचे चार्जिंग आणि घरातली इतर उपकरणे यांच्यातला खरा फरक इथे आहे. गीझर पाणी तापले की बंद होतो, इस्त्री थांबून थांबून वीज घेते. गाडी मात्र १५-१६ अँपिअरचा प्रवाह सलग आठ-नऊ तास ओढते. २४ किलोवॉट-तास बॅटरीची टियागो ईव्ही साध्या सॉकेटवर जवळपास रिकामी असताना पूर्ण भरायची म्हटली, तर एवढा वेळ लागतोच. आता जोडात निर्माण होणारी उष्णता ही प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ढिल्या पिनेशी केवळ ०.१ ओहमचा अडथळा असला, तरी १६ अँपिअरला तिथे सुमारे २५ वॉट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर वापरतात ती डाग देण्याची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) साधारण तेवढ्याच वॉटची असते. ती प्लास्टिकच्या बंद डबीत ठेवून रात्रभर चालू ठेवावी, असाच हा प्रकार आहे. तोच प्रवाह १० अँपिअरवर आणला तर उष्णता १० वॉटवर येते. जुन्या घरात पहिल्या दिवसापासून काय करावे, याचे उत्तर या हिशेबातच आहे: केबलच्या मधे असलेल्या नियंत्रणाच्या डबीवर किंवा गाडीच्या पडद्यावर प्रवाह कमी करण्याची सोय असेल, तर वायरिंगची तपासणी होईपर्यंत तो १० अँपिअर किंवा त्याहून कमी ठेवावा. गाडी भरायला वेळ जास्त लागेल, एवढेच.

भिंतीतले काम

मीटरजवळच्या बोर्डापासून पार्किंगपर्यंत गाडीसाठी स्वतंत्र लाइन ओढून घ्यावी आणि तिच्यावर दुसरे काहीही जोडू नये. १६ अँपिअरसाठी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर चालते असे वायरमन सांगतात आणि ते नियमाला धरून आहे; पण सलग भार आणि एप्रिल-मे महिन्यातला भिंतींचा उकाडा लक्षात घेता मी ४ चौरस मिलिमीटरचाच आग्रह धरीन. भिंतीवरचा ३२ अँपिअरचा, म्हणजे सुमारे ७.२ किलोवॉटचा चार्जर बसवायचा असेल, तर वायर किमान ६ चौरस मिलिमीटरची हवी, आणि अंतर लांब असेल किंवा पाइपात इतर वायरींची गर्दी असेल तर १० ची. वायरीवर आयएसआय चिन्ह पाहावे आणि मधे कुठेही जोड न देता ती अखंड ओढून घ्यावी.

काम झाल्यावर वायरमनकडून एक साधी चाचणी करून घ्यावी. गाडी चार्जिंगला लावण्याआधी सॉकेटवरचा व्होल्टेज मोजावा, मग पूर्ण प्रवाह सुरू झाल्यावर पुन्हा मोजावा आणि त्याच वेळी मीटरजवळचाही पाहावा. वीस मीटर अंतरावर ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीत १६ अँपिअरला साधारण ३ व्होल्ट कमी होतात, २.५ च्या वायरीत ५ व्होल्टच्या आत. मीटर आणि सॉकेट यांच्यातला फरक १० व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसला, तर वायर बारीक आहे किंवा कुठेतरी जोड ढिला आहे. तो सापडेपर्यंत तिथे गाडी लावू नये. मीटरपाशीच व्होल्टेज कोसळत असेल, तर दोष घराबाहेरच्या जोडणीत आहे आणि महावितरणकडे तक्रार नोंदवायला हवी. वीजबिलावर छापलेला मंजूर भारही याच वेळी पाहून घ्यावा. ३२ अँपिअरच्या चार्जरसाठी तो बहुधा वाढवून घ्यावा लागतो.

सॉकेट निवडताना काटकसर करू नये. घरगुती १६ अँपिअरच्या सॉकेटच्या आतल्या पट्ट्या रोज टॉप काढून-घालून सैल होतात आणि मग पिन घट्ट धरत नाहीत. टॉप हलक्या हाताने निघू लागला की सॉकेट बदलण्याची वेळ झाली, असे समजावे. निळ्या रंगाचे, गोल, झाकण असलेले औद्योगिक सॉकेट अशा सलग भारासाठी अधिक भरवशाचे असते, आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांमुळे कोल्हापूरकरांना ते परके नाही. मात्र ते घ्यायचे तर केबललाही कंपनीनेच बसवलेला तसा टॉप हवा. घरी टॉप कापून दुसरा बसवू नये, कारण काही केबलींच्या मूळ टॉपमध्ये तापमान मोजणारा संवेदक असतो आणि तो त्याबरोबर निघून जातो.

अर्थिंग

या विषयावर मला थोडे जास्त लिहायचे आहे, कारण निष्काळजीपणा सर्वाधिक इथेच होतो. गाडी रबरी टायरांवर उभी असते. तिच्या सांगाड्यात वीज उतरली, तर ती जमिनीत जाण्याचा सुरक्षित मार्ग केबलमधली हिरवी वायरच असते. ती वायर नीट नसेल, तर मार्ग ठरतो तो दाराला हात लावणाऱ्या माणसाचे शरीर.

अनेकांचा समज असा असतो, की अर्थिंग असले म्हणजे बिघाड होताच एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, पडेल. हिशेब वेगळे सांगतो. अर्थिंगचा रोध ५ ओहम असला, आणि घरगुती कामात तो चांगला मानला जातो, तरी २३० व्होल्टला त्यातून ४६ अँपिअरच वाहतात. २० अँपिअरचा एमसीबी एवढ्या प्रवाहाला क्षणात पडत नाही; तो तापून पडेपर्यंत काही सेकंद तरी जातात आणि तेवढा वेळ गाडीचा पत्रा जिवंत असतो. म्हणून एमसीबी वायर वाचवतो आणि माणूस वाचवतो तो आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच, हा फरक पक्का लक्षात ठेवावा. गाडीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा स्वतंत्र आरसीसीबी असलाच पाहिजे, आणि तो ए प्रकारचा हवा. दुकानात स्वस्तात मिळणारा एसी प्रकारचा आरसीसीबी गाडीतल्या चार्जरमुळे डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या) विजेची गळती झाली तर बधिर होऊ शकतो. चांगल्या केबलच्या डबीत किंवा भिंतीवरच्या चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखणारी यंत्रणा असते. ती नसेल तर महाग असला तरी बी प्रकारचाच आरसीसीबी लावावा लागतो. आरसीसीबीवरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. अमावास्या, पौर्णिमा, जी तिथी लक्षात राहील ती धरावी.

अर्थिंगचा खड्डा जिवंत ठेवणे हेही एक काम आहे. पंचगंगाकाठची काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते, पन्हाळ्याकडच्या जांभ्यात तर रोध मुळातच जास्त असतो. त्यामुळे जानेवारीत चांगले मोजमाप देणारे अर्थिंग मे महिन्यात तितकेच चांगले असेल असे नाही. खड्ड्यात पाणी घालत राहावे आणि मोजणी उन्हाळ्यात करून घ्यावी.

आणि एक गोष्ट कधीही करू देऊ नये. अर्थिंग नसेल तर चांगली केबल लाल दिवा दाखवून चार्जिंग नाकारते. हा दिवा घालवण्यासाठी कोणी सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थिंगची पिन एकमेकांना जोडून देतो, दिवा हिरवा होतो, मालक खूश होतो. पण पुढे कधी मागची न्यूट्रल वायर तुटली, तर पूर्ण २३० व्होल्ट गाडीच्या पत्र्यावर येतात. असे करून देतो म्हणणाऱ्या माणसाला नम्रपणे पण ठामपणे परत पाठवावे आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराला बोलवावे.

आता केबल

आपल्याकडच्या बहुतेक नव्या चारचाकींना एसी चार्जिंगसाठी टाइप २ आणि जलद डीसी चार्जिंगसाठी सीसीएस २ हे तोंड असते. सीसीएस २ मध्ये वरचा भाग टाइप २ सारखाच असून खाली दोन जाड पिना असतात. डीसी केबल चार्जरलाच कायमची जोडलेली असते, त्यामुळे ती विकत घेण्याचा प्रश्न येत नाही. आपल्याला निवड करायची असते ती दोनच प्रकारांत. पहिली म्हणजे घरच्या सॉकेटला लावायची, मधे नियंत्रणाची डबी असलेली केबल. दुसरी म्हणजे दोन्ही टोकांना टाइप २ असलेली, जिथे एसी चार्जरला नुसते तोंड असते आणि केबल आपण न्यायची असते तिथली.

किती क्षमतेची घ्यावी हे गाडी ठरवते. एसी चार्जिंगमध्ये विजेचे डीसीत रूपांतर गाडीतला चार्जर करतो आणि त्याच्या क्षमतेपलीकडे कोणतीही केबल वेग वाढवू शकत नाही. टियागो ईव्ही २०२२ मध्ये बाजारात आली तेव्हा तिला ३.३ आणि ७.२ किलोवॉट असे दोन पर्याय होते, ३.३ चा पर्याय असलेल्या गाडीला ३२ अँपिअरची महागडी केबल लावून काही हाती लागत नाही. तीन फेजच्या केबलचेही तसेच आहे. गाडीतला चार्जर एक फेजचा असेल, तर तीन फेजची केबल चालते, पण ती जड असते, थंडीत कडक होते आणि पैसे वाया जातात.

टाइप २ कनेक्टरमध्ये सात पिना असतात: तीन फेज, न्यूट्रल, अर्थ आणि दोन संवादाच्या. संवादाची एक पिन चार्जरकडून किती प्रवाह घेता येईल हे गाडीला सांगते. दुसऱ्या पिनेशी केबलमध्येच एक छोटा रोध बसवलेला असतो आणि तोच केबलची ताकद जाहीर करतो: ६८० ओहम म्हणजे २० अँपिअर, २२० ओहम म्हणजे ३२ अँपिअर. केबलच्या आत तांबे प्रत्यक्षात किती आहे हे गाडी किंवा चार्जर मोजू शकत नाहीत. ते त्या रोधावर विश्वास ठेवतात. म्हणून निनावी केबलची मला भीती वाटते. कोणी आत बारीक वायर किंवा तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनिअम घातले आणि रोध मात्र २२० ओहमचा बसवला, तर सर्व यंत्रणा त्या खोट्या साक्षीवर चालून ३२ अँपिअर सोडत राहते.

त्यामुळे घेताना शक्यतो गाडीच्या कंपनीची किंवा नावाजलेल्या उत्पादकाची केबल घ्यावी. कनेक्टरवर आयईसी ६२१९६ आणि डबीच्या केबलवर आयईसी ६२७५२ किंवा आयएस १७०१७ मालिकेतील मानकाचा उल्लेख, प्रवाह, व्होल्टेज आणि आयपी क्रमांक (धूळ-पाण्यापासून संरक्षण किती ते सांगणारा) हे न पुसणाऱ्या अक्षरांत असले पाहिजेत. डबीसाठी आयपी ५५ किंवा त्याहून वरचा क्रमांक आपल्या पावसाला बरा. बिल घ्यावे. लांबी पाच मीटर बहुतेकांना पुरते; मात्र आधी गाडीचे तोंड पुढे आहे, मागे आहे की बाजूला, आणि गाडी पार्किंगमध्ये कशी उभी राहते, हे दोरी लावून मोजावे. केबल तोकडी पडली की माणूस एक्स्टेंशन बोर्ड शोधतो.

एक्स्टेंशन बोर्ड गाडीसाठी कधीच वापरू नये. सोळाचा टॉप सहा अँपिअरच्या सॉकेटला जोडणारा ॲडॉप्टरही घरात ठेवू नये, कारण तो असला की पाहुण्यांच्या घरी एखाद्या रात्री वापरला जातोच.

रोजची रीत

आधी टॉप भिंतीत पूर्ण दाबून बसवावा, बटण चालू करावे, डबीवरचा दिवा पाहावा आणि मग गाडीला कनेक्टर लावावा. काढताना उलट क्रम: गाडीतून चार्जिंग थांबवावे, कनेक्टर काढावा, शेवटी टॉप. टाइप २ मधल्या संवादाच्या पिना मुद्दाम आखूड ठेवलेल्या असतात, त्यामुळे कनेक्टर ओढताच त्या आधी सुटतात आणि प्रवाह तुटतो. भिंतीतल्या साध्या सॉकेटला ही सोय नाही. चालू भारावर टॉप ओढला तर ठिणगी पडते आणि पिना काळवंडतात.

नियंत्रणाची डबी टॉपाला लोंबकळत ठेवू नये, तिच्या वजनाने टॉप हळूहळू वाकडा होतो. सॉकेटशेजारी एक हूक ठोकून डबी त्यावर टांगावी. केबल गुंडाळलेली असताना चार्जिंग करू नये, कारण वेटोळ्यांमध्ये उष्णता अडकते. ती सैल, पूर्ण उलगडून ठेवावी. नवीन जागी लावल्यानंतर अर्ध्या तासाने हाताचा मागचा भाग टॉपजवळ नेऊन पाहावा: कोमट चालेल, पण चटका बसत असेल तर एमसीबी पाडून चार्जिंग बंद करावे. धूर दिसला तरी प्रथम मेन बंद करावा. पाणी मारू नये आणि १०१ वर अग्निशमन दलाला कळवावे.

पार्किंगमधले उंदीर केबल कुरतडतात, सॉकेटमध्ये पाली शिरतात. काम झाले की केबल पिशवीत घालून वर टांगावी आणि कनेक्टरची टोपी लावावी. पिना कोरड्या फडक्याने पुसाव्यात. तेल, ग्रीस किंवा फवारे वापरू नयेत.

मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ यांसारख्या जुन्या भागांत गाडी गल्लीत उभी करावी लागते आणि मग पहिल्या मजल्याच्या खिडकीतून केबल खाली सोडण्याचा मोह होतो. अडचण खरी आहे, तरी हे करू नये. गल्लीतून जाणारी प्रत्येक रिक्षा केबल चिरडते, बाहेरून खूण दिसत नाही आणि आतले तांब्याचे धागे एकेक करून तुटत जातात. शिवाय तिथे मुले खेळत असतात. जवळच्या सार्वजनिक चार्जरवर आठवड्यातून एक-दोनदा जाणे हे त्याहून पुष्कळ चांगले.

वळीव, पाऊस आणि पूर

कनेक्टर पावसासाठीच घडवलेला असतो आणि गाडीत नीट बसला असेल तर पावसात चार्जिंग करता येते. धोका असतो तो भिंतीतल्या साध्या सॉकेटला आणि जमिनीवर डबक्यात पडलेल्या डबीला. उघड्या जागी सॉकेट असेल, तर टॉप आत असतानाही झाकण बंद होईल अशा पेटीत ते बसवावे. एप्रिल-मेमध्ये वळिवाचे ढग जमून कडकडाट सुरू झाला, की चार्जिंग थांबवून टॉप काढून ठेवावा. मुख्य बोर्डात सर्ज (व्होल्टेजची अचानक उसळी) रोखणारे साधन असले तरीही मी हेच करतो.

दुधाळी, सुतारवाडा, रमणमळा, नागाळा पार्क, शाहूपुरीची कुंभार गल्ली या भागांत राहणाऱ्यांनी सॉकेटची उंची ठरवताना २०१९ आणि २०२१ च्या पुराची खूण पाहावी आणि सॉकेट त्या खुणेच्या वर बसवावे. पाणी पुरुषभर उंचीच्या वर गेले असेल, तर एमसीबी वरच्या मजल्यावर ठेवून पार्किंगची संपूर्ण लाइन तिथून तोडता येईल अशी व्यवस्था करावी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. आपल्याकडे पाणी शिरते हे माहीत असणाऱ्यांनी इशारा पातळीची वाट न पाहता गाडी भरून उंच जागी न्यावी आणि केबल बरोबर घ्यावी, कारण महापुरात अनेक भागांचा वीजपुरवठा बंद ठेवावा लागतो.

पुराच्या पाण्यात बुडालेली डबी उन्हात कितीही दिवस वाळवली, तरी पुन्हा वापरू नये. आत बसलेला गाळ ओलावा धरून ठेवतो आणि गळती ओळखणारी यंत्रणाच त्यात निकामी झालेली असू शकते. बुडालेले सॉकेट बदलावे, लाइनचे इन्सुलेशन मेगरने (इन्सुलेशन मोजण्याच्या यंत्राने) तपासून घ्यावे आणि त्यानंतरच एमसीबी उचलावा. अशी निकामी झालेली केबल भंगारात देताना तिचा कनेक्टर आणि टॉप कापून वेगळे करून द्यावेत, म्हणजे कोणी ती पुसून, चांगली म्हणून पुन्हा गाडीला लावणार नाही.